ठिसूळ हाडांच्या पोराचा आखूड पाय लांब करता येतो का? बैलजोडी विकण्याआधी हे समजून घ्या

धानोरा (जि. नंदुरबार) : समजा, घरातलं नऊ-दहा वर्षांचं पोर ओट्यावरून उतरताना नुसतं घसरलं आणि मांडीचं हाड मोडलं. मागच्या पावसाळ्यात हात मोडला होता, त्याच्या आधी दुसरा पाय. दर वेळी हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. आता एक पाय आखूड पडतो, पोर लंगडतं, आश्रमशाळेतली मुलं हसतात. अशात कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवतं, की ऑपरेशन करून पाय लांब होतो, उंची वाढते. मग बैलजोडी विकायची की जमीन गहाण टाकायची, इथपर्यंत घरात बोलणं जातं.

पाय लांब करायचं ऑपरेशन खरं आहे, त्यात खोटं काही नाही. आपल्या महाराष्ट्रातही ते होतं. पण ज्या मुलाची हाडंच जन्मापासून ठिसूळ आहेत, त्याच्यासाठी ते पहिलं पाऊल नाही. ते शेवटचं पाऊल आहे, आणि तेही मोजक्याच मुलांसाठी. त्याच्या आधी हाडाला बळ देणं आणि हाड सरळ करणं ही दोन कामं असतात. बऱ्याच मुलांचं त्या दोन कामांतच भागतं.

हाड ठिसूळ का होतं?

मातीची भिंत बांधताना गाऱ्यात भुसा का मिसळतात, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. नुसत्या मातीची भिंत वाळली की तडकते. भुश्याच्या काड्या तिला धरून ठेवतात. हाडाचंही तसंच आहे. कॅल्शियम ही माती आणि कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे म्हणजे भुसा. या मुलांच्या शरीरात कोलॅजनचे धागे कमी तयार होतात किंवा सदोष तयार होतात. त्यामुळे कॅल्शियम कितीही घातलं तरी हाडाला चिवटपणा येत नाही.

या आजाराचं डॉक्टरी नाव ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, थोडक्यात ओआय. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला तो असतो. बहुतेक मुलांत कोलॅजन बनवणाऱ्या दोन जनुकांपैकी एकात बिघाड असतो. आईला किंवा वडिलांना आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते. पण कित्येक घरांत आधी कुणालाच नसतो आणि बाळात पहिल्यांदाच दिसतो. काही कमी आढळणारे प्रकार जवळच्या नात्यातल्या लग्नांमुळे पुढे येतात.

म्हणून एक गोष्ट आधी मनातून काढून टाकायला हवी. आईने ग्रहणात काही चिरलं, गरोदरपणात अमुक खाल्लं, म्हणून हे झालं नाही. यात आईचा दोष नाही.

आजार सगळ्यांना सारखा नसतो. सौम्य प्रकारात मूल चालतं, शाळेत जातं, लहानपणी पाच-दहा वेळा हाड मोडतं आणि वयात आल्यावर मोडणं कमी होतं. गंभीर प्रकारात पोटात असतानाच हाडं मोडतात, हातपाय धनुष्यासारखे वाकतात, मणका दबतो आणि उंची फार कमी राहते. सगळ्यात गंभीर प्रकारातलं बाळ जन्मताच किंवा थोड्या दिवसांत दगावतं.

मुडदूस, सिकलसेल की हा आजार?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. इथे कुपोषण आहे, मुडदूस आहे आणि सिकलसेलही आहे. मुडदुसात ड जीवनसत्त्व कमी पडतं, पाय वाकतात, मनगटं जाड होतात. सिकलसेलमध्ये हातापायांची हाडं आतून दुखतात, सूज येते, कधी हाडात पू होतो. तीनही आजारांत पोर रडतं, चालत नाही, आणि घरचे मालिश सुरू करतात. पण तिघांचे उपचार वेगळे आहेत.

ठिसूळ हाडांच्या आजाराच्या काही खुणा अशा: किरकोळ धक्क्याने हाड मोडणं आणि ते पुन्हा पुन्हा होणं, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर निळसर किंवा राखाडी झाक, दात तपकिरी, पारदर्शक आणि लवकर झिजणारे, सांधे जास्तच लवचिक, मोठेपणी ऐकू कमी येणं. सगळ्या खुणा प्रत्येकात नसतात. डोळे पांढरेशुभ्र आहेत म्हणून आजार नाही, असं म्हणता येत नाही. एक्स-रे, रक्ततपासणी, सिकलसेलची तपासणी आणि गरज पडली तर जनुकांची तपासणी करून डॉक्टर निदान करतात.

कधी उलटंही घडतं. लहान बाळाची हाडं वारंवार मोडलेली दिसली की आईबापानेच मारलं असा संशय घेतला जातो. तपासण्या झाल्या की तो संशय दूर व्हायला मदत होते. म्हणून जुने एक्स-रे आणि कागद फेकू नयेत. एका पिशवीत तारखेप्रमाणे ठेवावेत.

आधी औषध

हा आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. पण हाडाची झीज कमी करून ते भरीव करणारी औषधं आहेत. त्यांना बिस्फॉस्फोनेट म्हणतात. पॅमिड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक ॲसिड सलाईनमधून देतात. झोलेड्रॉनिकचा डोस बहुधा सहा महिन्यांनी एकदा असतो, पॅमिड्रोनेट त्याहून लवकर लवकर द्यावं लागतं. १९९८ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी गंभीर आजार असलेल्या ३० मुलांवरचा अनुभव छापला. त्यांची हाडं भरली, मोडणं कमी झालं, दुखणं कमी झालं. त्यानंतर हा उपचार जगभर पसरला.

पहिल्या डोसला ताप येऊ शकतो, अंग दुखतं, रक्तातलं कॅल्शियम खाली येऊ शकतं. म्हणून तो दवाखान्यात देखरेखीखालीच घ्यायचा असतो. सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागतं. हाड कापून करायचं ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टर हे औषध काही काळ थांबवतात, कारण कापलेली जागा भरून यायला उशीर होऊ शकतो. म्हणून ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला शेवटचा डोस कधी झाला ते सांगायलाच हवं.

मग सळई

वाकलेल्या हाडावर प्रत्येक पावलाला ताण एकाच जागी पडतो आणि ते तिथेच पुन्हा मोडतं. म्हणून वाकलेलं हाड सरळ करून आत धातूची सळई घालतात. अमेरिकेतल्या सोफिल्ड आणि मिलर या डॉक्टरांनी १९५९ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. हाड दोन-तीन ठिकाणी कापायचं आणि दोऱ्यात मणी ओवावेत तसे ते तुकडे सळईवर सरळ ओवायचे.

अडचण एकच होती. पोर वाढतं, सळई वाढत नाही. सळईच्या टोकापुढे वाढलेलं हाड पुन्हा वाकायचं किंवा मोडायचं. त्यावर १९६३ मध्ये बेली आणि डुबॉ यांनी एकात एक सरकणारी सळई आणली. जुन्या रेडिओची एरियल जशी ओढली की लांब होते, तशी. हाडाच्या दोन्ही टोकांना ती धरलेली असते, म्हणून हाड वाढलं की तीही ताणत जाते. पुढे मॉन्ट्रियलमध्ये फॅसिए-डुवाल नावाची सुधारित सळई तयार झाली. आज बऱ्याच देशांत ती वापरतात.

इथेच घरच्यांनी लक्षात घ्यायची खरी गोष्ट आहे. वाकलेला बांबू जमिनीवर ठेवून दोन टोकांमधलं अंतर मोजा, मग तोच सरळ करून मोजा. बांबू तोच, पण अंतर वाढतं. वाकड्या पायाचं तसंच आहे. आखूड दिसणाऱ्या पायातली काही लांबी वाकण्यात लपलेली असते. हाड सरळ केलं की ती परत मिळते. म्हणून सरळ करण्याआधी ‘पाय किती लांब करायचा’ हे ठरवणं म्हणजे मोजणीआधीच बांध घालण्यासारखं आहे.

सरळ केल्यावरही फरक उरला तर तो मोजतात. २ सेंटिमीटरच्या आतल्या फरकाला बहुधा काही करावं लागत नाही, किंवा चपलेखाली जाड तळवा पुरतो. त्याहून थोडा जास्त असेल तरी उंच तळव्याच्या बुटावर पुष्कळ मुलं व्यवस्थित चालतात. फरक ५ सेंटिमीटरच्या आसपास किंवा पुढे गेला की लांब करण्याचा विचार पुढे येतो.

पाय लांब करतात म्हणजे काय करतात?

ही पद्धत एका खेड्यातल्या डॉक्टरची आहे. गॅव्ह्रिल इलिझारोव्ह हे रशियातल्या कुर्गान भागात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गावच्या दवाखान्यात काम करत होते. लढाईत हातपाय मोडलेले, हाडं न जुळलेले जवान समोर यायचे आणि साधनं तुटपुंजी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पायाभोवती धातूच्या कड्या आणि हाडातून आरपार ताणलेल्या बारीक तारा अशी रचना बसवली. सायकलच्या चाकात स्पोक ताणलेले असतात, साधारण तसं. ऑलिंपिकमध्ये उंच उडीत सुवर्णपदक मिळवलेला व्हॅलेरी ब्रुमेल मोटारसायकल अपघातात जायबंदी झाला, तेव्हा त्याचा पाय इलिझारोव्ह यांनी दुरुस्त केला. तरी पश्चिमेकडच्या देशांना ही पद्धत १९८० नंतरच नीट कळली. आपल्याकडे अकोल्यात डॉ. मिलिंद चौधरी यांचं याच तंत्राचं केंद्र बरीच वर्षं चालू आहे.

काम असं चालतं. हाड एका जागी कापतात, पण त्यावरचं आवरण होईल तितकं जपतात. पाच-सात दिवस काहीच करत नाहीत, तोवर कापलेल्या जागी नवं हाड बनायला सुरुवात होते. मग फ्रेमचे नट फिरवून दोन्ही टोकं रोज १ मिलिमीटर लांब नेतात, तेही एकदम नाही. पाव-पाव मिलिमीटर, दिवसातून चार वेळा. मधल्या फटीत कोवळं हाड भरत जातं. घाईने ओढलं तर हाड भरत नाही आणि नसा ताणल्या जातात. फार हळू ओढलं तर मध्येच जुळून बसतं.

हिशेब साधा आहे. ५ सेंटिमीटर लांब करायला ५० दिवस नुसतं ओढण्यात जातात. पण ते कोवळं हाड वजन पेलण्याएवढं घट्ट व्हायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. एकूण धरून दर सेंटिमीटरला महिनाभर किंवा त्याहून थोडं जास्त. म्हणजे पाच-सहा महिने पायात फ्रेम.

ठिसूळ हाडात हे जमतं का?

पहिली शंका हीच येते, की जे हाड घसरल्यावर मोडतं, त्यात तारा टिकतील का? आणि नवं हाड भरेल का?

या आजारात हाड लवकर मोडतं, पण मोडलेलं हाड बहुधा वेळेत जुळतं. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये याबाबतचा अनुभव प्रसिद्ध केला. ओआय असलेल्या सहा मुलांची नऊ हाडं त्यांनी लांब केली आणि त्याच वेळी वाकही काढला. काहींना कड्यांची फ्रेम लावली, काहींना एका बाजूची. तीन मुलांत तर मांडीच्या हाडात आधीच बसवलेल्या सळईवरूनच लांबी वाढवली. सरासरी सहा सेंटिमीटरच्या थोडी वर लांबी मिळाली आणि दर सेंटिमीटरला सुमारे ३३ दिवस लागले. इतर मुलांना लागतात तितकेच. तारा मऊ हाडातून सरकल्या नाहीत.

हे वाचून आशा वाटते, ते बरोबरच आहे. पण त्याच अनुभवाची दुसरी बाजूही बघायला हवी. एका मुलाला खोलवर संसर्ग झाला, एकाचं मांडीचं हाड मोडलं, एकाची नडगी पुढे वाकली. आणि ही सगळी मिळून फक्त सहा मुलं होती. त्यांचं सरासरी वय जवळपास १५ होतं, म्हणजे नऊ वर्षांची पोरं नव्हती. या कामात मुरलेल्या मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर दिमतीला होते. त्यांचा हेतू दोन पायांतला फरक आणि वाक काढण्याचा होता.

व्हिडिओत दिसणारं उंची वाढवण्याचं ऑपरेशन बहुधा धडधाकट हाडांच्या मोठ्या माणसांचं असतं. दोन्ही पाय लांब करून उंची मिळवायची, हे ठिसूळ हाडांच्या मुलासाठी जोखमीचं आहे. नवं हाडही त्याच सदोष कोलॅजनचं असतं. फ्रेम काढल्यावर ते वाकू शकतं, मोडू शकतं. म्हणूनच आत सळई ठेवण्याचा आग्रह असतो.

फ्रेम घेऊन घरी आल्यावर

ऑपरेशन काही तासांत होतं. खरी परीक्षा त्यानंतरचे सहा महिने असते, आणि ती घरात होते.

दिवसातून चार वेळा नट फिरवायचा, न चुकता आणि ठरल्या दिशेनेच. प्रत्येक तार कातडीतून जिथे आत जाते, ती जागा डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे स्वच्छ ठेवायची. तिथे लाली, पू, वाढतं दुखणं किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. हळद, राख, पाला काही लावायचं नाही. गुडघा आणि घोटा रोज हलवायचा, नाहीतर पाय लांब होतो पण सांधा आखडतो. ठरल्या तारखेला एक्स-रेसाठी जायचं.

आता हे आपल्याकडच्या वर्षाच्या गणितात बसवून बघा. दिवाळीनंतर कित्येक घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती होळीच्या सुमाराला परततात. दिवाळीच्या तोंडावर फ्रेम बसवली तर नट कोण फिरवणार? उसाच्या फडावर, कोपीत, फ्रेम लावलेलं पोर ठेवणं म्हणजे संसर्गाला बोलावणं आहे. आश्रमशाळेत परत पाठवलं तर तिथे जखम कोण बघणार? म्हणून ऑपरेशनची तारीख ठरवताना घरातलं कोण सहा महिने पूर्ण वेळ गावात राहणार, हे आधी ठरवावं आणि डॉक्टरांना सरळ सांगावं. हे सांगण्यात लाजण्यासारखं काही नाही. जाणकार डॉक्टर तारीख पुढे-मागे करतात. ज्या घराला हे जमणार नाही, त्याने उंच तळव्याचा बूट निवडला तर तो कमीपणा नाही. तो शहाणपणाचा निर्णय आहे.

कुठे जायचं?

सुरुवात गावातूनच होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हा कार्यक्रम आहे. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी घ्या.

मुंबईत परळचं केईएम रुग्णालय हे दुर्मिळ आजारांसाठी केंद्र सरकारने ठरवलेल्या केंद्रांपैकी एक आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात या आजारावरच्या बिस्फॉस्फोनेट उपचाराचा उल्लेख आहे, म्हणून तिथे आजाराची नोंद करून मदतीबद्दल विचारावं. शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं आणि काय नाही, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला पैसे भरण्याआधी विचारावं. हातापायांत व्यंग आलं असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढावं. शिष्यवृत्ती आणि प्रवास सवलतीसाठी ते लागतं.

डॉक्टरांना पाच प्रश्न जरूर विचारा. आजार नक्की हाच आहे का? औषधाने हाड भरायला किती वेळ द्यायचा? सरळ केल्यावर किती फरक उरेल? तो बुटाने भागेल का? आणि लांब करायचंच असेल तर आत सळई राहणार का?

रोजची काळजी

बाळाला एका हाताला धरून किंवा काखेत धरून उचलू नका. एक हात डोक्या-मानेखाली, दुसरा ढुंगणाखाली, बोटं पसरून उचला. लंगोट बदलताना दोन्ही घोटे धरून पाय वर ओढू नका. जोर लावून मालिश नको. हाड मोडल्याचा संशय आला तर पाय ओढून सरळ करायचा नाही. आहे त्या स्थितीत पुठ्ठा किंवा फळी कापडाने सैलसर बांधा आणि १०८ ला फोन करा. हाडवैद्याकडे नेऊन ओढाताण केली तर एकाचं दोन ठिकाणी मोडू शकतं.

पण जपायचं म्हणून पोराला खाटेवर बसवून ठेवणंही चुकीचं आहे. न वापरलेलं हाड आणखी कमजोर होतं. पाण्यात हातपाय हलवणं, बसणं, आधाराने उभं राहणं हे डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवावं. शाळा तर सोडायचीच नाही. राजस्थानात जन्मलेल्या आणि दिल्लीच्या झोपडपट्टीत वाढलेल्या उम्मूल खेर यांना हाच ठिसूळ हाडांचा आजार. १६ वेळा हाडं मोडली, आठ ऑपरेशनं झाली. त्यांनी २०१६ च्या नागरी सेवा परीक्षेत देशात ४२० वा क्रमांक मिळवला.

शाळेत वर्गशिक्षकांना आणि आश्रमशाळेच्या अधीक्षकांना आजाराचं नाव कागदावर लिहून द्या. धक्काबुक्कीच्या खेळातून सूट, वर्ग खालच्या मजल्यावर, बाथरूमची फरशी कोरडी आणि पोर पडलं तर कुणी हात धरून ओढायचं नाही, एवढं मागा. याला बैलजोडी विकावी लागत नाही, आणि ते उद्यापासून सुरू करता येतं.